आबेओकुटाच्या बायका आणि आठ मार्चचं भाषण

वाचकाचं पत्र:

आदरणीय ताई,
मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आठ मार्चला आमच्याकडे दरवर्षी रांगोळी, पाककृती आणि 'कर्तृत्ववान महिलांचा सत्कार' एवढंच होतं. यंदा मी प्राचार्यांना म्हटलं, आफ्रिकेतल्या स्त्रियांवर बोलते. त्यांनी चाळीस मिनिटं दिली. स्टाफरूममध्ये मात्र एक ज्येष्ठ सर म्हणाले, "आपल्याकडे सावित्रीबाई असताना आफ्रिकेत कशाला जायचं? तिथे आहे काय? उपासमार आणि जंगल." मी पंचवीस स्लाइड्स केल्या आहेत, एकेक बाई एकेका स्लाइडवर: पहिली राष्ट्राध्यक्ष, पहिली नोबेलविजेती वगैरे. पण वाचून पाहिलं तर मलाच कंटाळा आला. शिवाय दोन धास्ती आहेत. फोटो पडद्यावर आले की मागच्या बाकांवरची मुलं रंगावरून, केसांवरून हसणार. आणि लायबेरियात बायकांनी कपडे उतरवायची धमकी दिली होती असं वाचलं. हे अकरावीच्या मुलामुलींपुढे सांगायचं का? तुम्ही दहा नावं निवडून द्याल का? पुण्यात शिकणाऱ्या एखाद्या आफ्रिकन मुलीला पाहुणी म्हणून बोलवावं असंही मनात आहे.
– एक शिक्षिका

प्रिय मॅडम,

दहा नावं मी देणार नाही. स्वतःच्या स्लाइड्स वाचून तुम्हालाच जांभई आली, तिथेच निम्म्या पत्राचं उत्तर आहे. 'पहिली अमुक, पहिली तमुक' ही जंत्री स्पर्धा परीक्षेच्या गाइडात ठीक. मुलं ती ऐकतात आणि हॉलच्या बाहेर पडेपर्यंत विसरतात. त्यातून त्या स्लाइडवर बाई एकटीच उभी असते, जणू सकाळी उठली आणि देश बदलून आली. चाळीस मिनिटांत दोन, फार तर तीन गोष्टी सांगा, पण तपशिलात शिरून सांगा. बायका जमल्या कशा, निरोप कसा फिरला, पोलीस आले तेव्हा काय केलं, पदरात काय पडलं आणि काय निसटलं. अकरावीतल्या मुलीला 'किती थोर' ऐकून काही करता येत नाही. 'कसं केलं' ऐकलं तर निदान डोक्यात किडा वळवळतो.

फुन्मिलायो रॅन्सम-कुटी हे नाव तुमच्या पंचवीसांत असणारच. इंटरनेटवर त्यांची ओळख 'मोटार चालवणारी पहिली नायजेरियन स्त्री' अशी फिरते, नाहीतर फेला कुटी या गाजलेल्या गायकाची आई अशी. बरं मग? पुढे?

पुढचं असं. नायजेरियाच्या नैऋत्येला आबेओकुटा नावाचं शहर आहे. राज्य ब्रिटिशांचं, पण रोजचा कारभार आणि करवसुली 'आलाके' या स्थानिक राजामार्फत. फुन्मिलायो शिक्षिका. १९३२ मध्ये त्यांनी शिकल्यासवरल्या, बऱ्या घरच्या बायकांचा एक लेडीज क्लब काढला. शिवणकाम, स्वयंपाक, चारचौघांत वागायचं कसं, असले कार्यक्रम. (तुमच्या कॉलेजचा आठ मार्च आठवला ना?) बरीच वर्षं हे असंच चाललं. १९४४ च्या सुमारास बाजारात माल विकणाऱ्या बायका अक्षरओळखीसाठी तिथे येऊ लागल्या, आणि त्यांना शिकवता शिकवता क्लबातल्या बायकांना बाजार कळू लागला. महायुद्धाच्या नावाखाली अधिकारी या बायकांचा तांदूळ उचलून नेत होते. कर तर मुलगी पंधरा वर्षांची झाली की सुरू व्हायचा, मुलाला सोळाव्या वर्षी. बाईचा कर नवऱ्यापेक्षा वेगळा भरायचा. कोवळ्या मुलींचं वय ठरवायला वसुलीवाले त्यांच्या अंगावरचे कपडे उतरवून बघत, अशीही तक्रार होती.

क्लबने आधी तांदळाचं प्रकरण हाती घेतलं, वर्तमानपत्रात नेलं, आणि ती लूट थांबली. छोटंच काम, पण बाजारातल्या बायकांना कळलं की इथे बोललं तर काहीतरी होतं. १९४६ मध्ये क्लबचं नाव बदलून आबेओकुटा विमेन्स युनियन झालं. सभासद होत होत वीस हजारांपर्यंत गेल्या. फुन्मिलायोंनी इंग्रजी गाऊन पेटीत टाकला आणि बाजारातल्या बायका नेसतात तसं योरुबा वस्त्र नेसायला लागल्या. सभा तिथल्या योरुबा भाषेत. गोऱ्या साहेबाशीसुद्धा योरुबात; त्याला हवं तर त्याने दुभाषा आणावा.

मुलांना इथे थांबवून विचारा: मोर्च्याला परवानगी नाकारली तर तुम्ही काय कराल? या बायका म्हणाल्या, मोर्चा नाहीच हा, आम्ही सहलीला निघालोय. कधी सहल, कधी उत्सव. अश्रुधुराचं नळकांडं येऊन पडलं तर डोळे-नाक कसं झाकायचं, याची तालीम घेतली. १९४७-४८ मध्ये हजारोंच्या संख्येने त्या राजवाड्याबाहेर ठाण मांडून बसल्या, रात्रीही हलल्या नाहीत. कर भरायचा नाही, हे ठरलेलं. आणि नुसतं 'कर रद्द करा' नाही. बायकांवरचा काढा आणि तो इथे धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांवर लावा, असा पर्यायही निवेदनात लिहून दिलेला. बाहेर बसून काय केलं? गाणी म्हटली. राजाची टर उडवणारी, त्याच्या मर्दपणावर बोट ठेवणारी. भोंडल्यात सासरच्या एकेकाचा उद्धार होतो, तो प्रकार हजारोंनी मिळून भर चौकात आणि सत्ताधाऱ्याच्या नावाने करायचा, अशी कल्पना करा.

जानेवारी १९४९ मध्ये आलाके गादी सोडून गेला. बायकांवरचा कर थांबला, कारभारी मंडळात बायकांना जागा मिळाल्या. आता एक गोष्ट गाळू नका, गाळायचा मोह होईल: १९५० च्या अखेरीस तोच राजा परत आला आणि पुढे कितीतरी वर्षं गादीवर राहिला. मुलं विचारतील, मग हरल्या का? या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. वर्गात जरा वाद होऊ द्या.

म्हातारपणीही फुन्मिलायोंना सुखाने बसू दिलं नाही कोणी. मुलाची गाणी लष्करी राजवटीला झोंबत होती. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिक लागोसमधल्या त्याच्या घरात घुसले आणि या पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी एप्रिलात त्या गेल्या. फेलाने आईची शवपेटी नेऊन लष्करी बराकीच्या दारात ठेवली.

एवढं सांगायला तुम्हाला बारा-तेरा मिनिटं लागतील. घाई करू नका.

दुसरी गोष्ट लायबेरियाची, आणि तुमच्या दुसऱ्या धास्तीचं उत्तर तिच्यातच आहे. हो, सांगा. पण आधी बाकीचं सगळं सांगून मग. नाहीतर मुलांच्या लक्षात तेवढंच राहील, आणि तो दोष मुलांचा नसेल.

लायबेरिया हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा छोटा देश. १९८९ पासून मधली थोडी उसंत सोडली तर २००३ पर्यंत यादवी. दोन लाखांहून अधिक माणसं मेली. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका. लेमा ग्बोवी ही राजधानी मन्रोव्हियातली समाजसेविका, चार मुलांची आई, अशाच बंदूक टाकलेल्या पोरांना सावरायचं काम करायची. तिने आणि तिच्या सोबतिणींनी काय केलं बघा. शुक्रवारी मशिदींबाहेर, शनिवारी बाजारात, रविवारी चर्चबाहेर. आठवड्याचे तीन दिवस वाटून घेतले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला एकच सांगायचं, आता पुरे झालं, उठा. ख्रिस्ती बायका आणि मुस्लिम बायका एकत्र येणार म्हटल्यावर दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. त्यावर या म्हणाल्या की गोळी काय धर्म विचारून लागते का? पोलीस खात्यात नोकरीला असलेली असातू बाह केनेथ ही मुस्लिम बायकांना घेऊन सामील झाली.

एप्रिल २००३ पासून पांढरे कपडे, डोक्याला पांढरं फडकं, अंगावर दागिना नाही, अशा शेकडो बायका मासळीबाजाराजवळच्या मैदानात येऊन बसायला लागल्या. जागा मुद्दाम निवडलेली. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा रोज त्याच रस्त्याने जायचा. ऊन असो, पाऊस असो, रोज बसायचं. शेवटी टेलरला त्यांना भेटावं लागलं आणि शांततेच्या बोलण्याला जायचं कबूल करावं लागलं.

बोलणी घानात, आक्रा शहरी. बंडखोर पुढारी हॉटेलात राहून बोलण्याचा घोळ घालत बसले आणि इकडे जुलैत मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. २१ जुलैला या बायका सभागृहाच्या दारात हातात हात गुंफून बसल्या: करार केल्याशिवाय कोणी बाहेर यायचं नाही. सुरक्षारक्षक लेमाला अटक करायला आले. तेव्हा ती उठली आणि म्हणाली, तुमचं काम सोपं करते, आणि अंगावरचं वस्त्र सोडायला लागली.

पश्चिम आफ्रिकेत आईच्या वयाच्या बाईने रागाने विवस्त्र होणं म्हणजे ज्याच्यामुळे ती वेळ आली त्या पुरुषाला शाप. रक्षक मागे सरकले. मध्यस्थी करणारे नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर बाहेर आले. बायकांना ओलांडून जाऊ पाहणाऱ्या एका बंडखोर पुढाऱ्याला त्यांनीच झापलं की तू खरा मर्द असतास तर स्वतःच्या माणसांना मारत बसला नसतास. त्यानंतर बोलणी मार्गी लागली. ११ ऑगस्टला टेलरने पद सोडलं, १८ ऑगस्टला करार झाला.

अकरावीच्या मुलामुलींना हे या क्रमाने सांगितलंत तर हसायला कोणाला जागाच राहणार नाही. कोणी चुळबुळलंच तर जुलै २००४ मधलं इंफाळ सांगा. निमलष्करी जवानांनी घरातून उचलून नेलेल्या थांगजाम मनोरमाच्या मृत्यूनंतर मणिपूरच्या बारा आया कांगला किल्ल्याच्या दारात विवस्त्र उभ्या राहिल्या, आपल्याच देशात. केनियात मार्च १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या आया नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये उपोषणाला बसल्या होत्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी हेच केलं. विषय अंगाचा नाही, बाईजवळ दुसरं काहीच हत्यार उरलं नाही तेव्हाचा आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना हे कळतं. आपणच त्यांना लहान समजतो.

लायबेरियाच्या गोष्टीत माझा आवडता भाग मात्र यानंतरचा आहे, आणि तो फारसं कोणी सांगत नाही. करार झाल्यावर बायका घरी गेल्या नाहीत. २००५ च्या निवडणुकीआधी मतदारनोंदणी होती, आणि बाजारातल्या बाया म्हणायच्या, दुकान सोडून रांगेत कशी उभी राहू? लेकरू कोणाकडे देऊ? तर कार्यकर्त्या म्हणाल्या, तू जा, मी बसते तुझ्या मालावर आणि सांभाळते पोर. अशा हजारो नावांची भर पडली यादीत. त्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या, आफ्रिकेत लोकांनी मतदानाने निवडलेल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष. ही तुमची स्लाइड क्रमांक एक, बरोबर? आता तिच्यामागे दुसरीच्या मालावर बसलेली बाई दिसायला लागेल. आणि मागच्या बाकांसाठी: सरलीफबाईंनी ज्याला हरवलं तो जॉर्ज वेआ, १९९५ चा बॅलन डी'ऑर जिंकलेला फुटबॉलपटू. पुढे २०१८ मध्ये तोही राष्ट्राध्यक्ष झाला. फुटबॉलचं नाव काढलंत की मागची रांग जागी होते, हा कुठल्याही कॉलेजातला अनुभव.

सरलीफ आणि ग्बोवी दोघींना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं, येमेनच्या तवक्कुल करमान यांच्याबरोबर विभागून. पुढच्याच वर्षी ग्बोवीने सरलीफबाईंवर जाहीर टीका केली, मुलांना मोठ्या पदांवर बसवल्याबद्दल, आणि सरकारी समितीचं पद सोडलं. हेही सांगा. 'बायका-बायका भांडल्या' असं कोणी कुजबुजेल, तर विचारा, पुरुष पुढाऱ्यांनी एकमेकांवर टीका केली तर त्याला आपण राजकारण म्हणतो ना?

आपला एक धागा इथे खराखुरा आहे. २००७ पासून २०१६ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताचं महिला पोलीस पथक लायबेरियात होतं, केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरावर बायका. जगातलं अशा प्रकारचं पहिलंच. त्यांना रस्त्यावर बंदूक घेऊन गस्त घालताना पाहून तिथल्या मुली पोलीसभरतीला येऊ लागल्या, असं लायबेरियाच्या सरकारनेही म्हटलं. तुमच्या कॉलेजात मैदानावर पोलीसभरतीचा सराव करणाऱ्या मुली असतीलच. त्यांच्याकडे बघून हे वाक्य बोला.

तिसरी गोष्ट वेळ उरला तरच, पण मी तुमच्या जागी असते तर वेळ काढला असता. मलावीतल्या डेड्झा जिल्ह्याच्या प्रमुख थेरेसा काचिंदामोटो. या बाई सत्तावीस वर्षं एका कॉलेजात सेक्रेटरीची नोकरी करत होत्या. २००३ मध्ये घराण्याचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं आणि गावात परतल्या तर बारा-तेरा वर्षांच्या मुली कडेवर लेकरू घेऊन फिरताना दिसल्या. त्यांनी भाषण ठोकलं नाही. हाताखालच्या पन्नास गावप्रमुखांकडून सही घेतली की बालविवाह होऊ देणार नाही आणि झालेले मोडू. चौघांनी तरीही लग्नं होऊ दिली, तर त्यांना पदावरून दूर केलं. लग्नं रद्द झाल्याची खात्री पटल्यावरच परत घेतलं. अशी साडेआठशेच्या वर लग्नं मोडली आणि मुलींना शाळेत पाठवलं. मलावीचा लग्नाचं वय अठरा करणारा कायदा २०१५ मध्ये आला, तोवर बाईंचं काम केव्हाच सुरू होतं. तुमच्या पट्ट्यात दिवाळीनंतर किती मुली वर्गातून गायब होतात आणि त्यातल्या किती लग्नामुळे, हे मी तुम्हाला सांगायला नको. या गोष्टीवर टाळ्या पडणार नाहीत, पण एखादी मुलगी नंतर एकटी गाठून काही बोलेल. त्याची तयारी ठेवा. चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.

आता ज्येष्ठ सर. त्यांच्याशी वाद घालू नका, एक पुस्तक दाखवा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण कोणाला केलं? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. पुण्यात बसून, त्या काळात, इतक्या लांबच्या आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या दुःखाशी इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख त्यांनी जोडलं. सावित्रीबाईंच्या घरातच हे झालं. तेव्हा 'सावित्रीबाई असताना आफ्रिका कशाला' हा प्रश्न निदान सावित्रीबाईंच्या नावाने तरी विचारू नये.

आणि 'जंगल' म्हणाले ना ते? मग केनियाच्या वंगारी माथाई सांगा त्यांना, दोन मिनिटांत. नावं सगळ्यांना माहीत असतात, पद्धत माहीत नसते. १९७७ मध्ये सुरू झालेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत गावातल्या बायका रोपवाटिका करत, आणि त्यांना अगदी थोडे पैसे मिळत ते रोप लावल्याचे नव्हे, रोप जगल्याचे. वनखात्याची माणसं म्हणायची, झाडं लावायला शिक्षण लागतं. बायकांनी आपापल्या पद्धतीने बी गोळा केलं, डबे-मडकी जे हाताशी आलं त्यात रुजवलं. अशी तीन कोटींहून अधिक झाडं लावून झाली होती, तेव्हा २००४ चं नोबेल आलं. आपल्याकडे दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावून फोटो काढला जातो, त्या पार्श्वभूमीवर 'जगल्याचे पैसे' हा मुद्दा सरांनाही पटेल. १९८९ मध्ये उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उठणार होती, त्याविरुद्ध माथाईबाईंनी पत्रांमागून पत्रं लिहिली. संसदेत त्यांची टिंगल झाली, त्यांच्या संस्थेला सरकारी जागेतून बाहेर काढलं, कार्यालय घरात हलवावं लागलं. इमारत झाली नाही. बाग अजून आहे.

कलावंतांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मराठीच्या शिक्षिकेला मी तो सोडणार नाही. शेवटची दहा मिनिटं त्यांना द्या. फक्त 'कार्यकर्त्या वेगळ्या, कलावंत वेगळ्या' अशी फाळणी करू नका. आबेओकुटाच्या गाण्यांनी ती आधीच मोडली आहे. त्याच्याही आधी, १९२९ च्या नोव्हेंबरात, नायजेरियाच्या पूर्व भागात ओलोको गावी न्वान्येरुवा नावाची एक विधवा पाम तेल काढत होती. सरकारी मुखियाचा माणूस मोजणीला आला, म्हणाला, शेळ्या-मेंढ्या आणि माणसं मोज. बाईने त्याला विचारलं, तुझ्या विधवा आईची मोजणी झाली होती का? मोजणी म्हणजे उद्याचा कर, हे तिने ओळखलं. पामची पानं हातोहात गावोगाव फिरली, तोच निरोप. बायका मुखियांच्या दारात जमून गात-नाचत, टोमणे मारत बसल्या. त्यांच्याकडे ही चुकलेल्या पुरुषाला वठणीवर आणायची जुनीच रीत. ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या घातल्या, पन्नासहून अधिक बायका मेल्या. पण मुखिया नेमायची ती पद्धत पुढे सरकारला बदलावी लागली.

दक्षिण आफ्रिकेच्या गायिका मिरियम माकेबांचं 'पाता पाता' मुलांना ऐकवा, मोबाइलवरून स्पीकर लावून. पाय आपोआप ठेका धरतात. मग सांगा की या बाईची आई वारली तेव्हा ती परदेशात होती, आणि अंत्यविधीला जायचं म्हणून वकिलातीत गेली तर तिचा दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट रद्द झालेला, १९६० ची गोष्ट. १९६३ मध्ये तिने संयुक्त राष्ट्रांत वर्णद्वेषाविरुद्ध साक्ष दिली, तर सरकारने तिचं नागरिकत्व काढून घेतलं, तिच्या गाण्यांवर बंदी घातली. ती मायदेशी परतली १९९० मध्ये. तीस वर्षांनी. ठेका धरलेले पाय थांबतील.

आणि सेनेगालच्या मारियामा बा. त्याही तुमच्यासारख्या शिक्षिका. १९७९ मध्ये त्यांची फ्रेंच कादंबरी आली, आख्खी एका पत्राच्या रूपात: नवऱ्याच्या निधनानंतर सुतकात बसलेली बाई मैत्रिणीला लिहिते. दोघींच्याही नवऱ्यांनी दुसरी बायको केलेली. एक घर सोडून गेली, दुसरी राहिली. कोण बरोबर, हे लेखिका सांगत नाही. 'सो लाँग अ लेटर' या नावाने इंग्रजी अनुवाद मिळतो. तुम्ही स्वतः वाचा, भाषणात एक-दोन वाक्यंच बोला. इजिप्तच्या नवाल अल सादावींनाही विसरू नका. इजिप्त आफ्रिकेतच आहे, हे स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांच्या ध्यानात नसेल. १९८१ मध्ये तुरुंगात टाकलं तेव्हा या डॉक्टरबाईंना कागद-पेन मिळेना, तर टॉयलेट पेपरवर भुवया रंगवायच्या पेन्सिलीने लिहीत राहिल्या.

हसणाऱ्या मुलांबद्दल. ती हसतात कारण त्यांनी आफ्रिकन माणूस पाहिला आहे तो सिनेमातला गुंड नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरचा विनोद म्हणून. एकटा चेहरा पडद्यावर भला मोठा लावून ठेवला की हसू येणारच. तेव्हा पोर्ट्रेट कमी करा आणि काम चालू असतानाचे फोटो लावा: मैदानात बसलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, रोपवाटिका, मोर्चा. सुरुवात नकाशाने करा. चोपन्न देश, आपल्या देशाच्या नऊ पटींहून जास्त जमीन. तरीही कोणी रंगावरून बोललंच तर तिथेच थांबा आणि शांतपणे विचारा, फेअरनेस क्रीम घरी कोण कोण लावतं? पुढे काही बोलायची गरज नाही. मुलींनाही हे ऐकायची गरज आहे, त्या हसत नसतात, पण लग्नाच्या जाहिराती त्यांनीही वाचलेल्या असतात.

राहिली पाहुणी. कल्पना चांगली आहे, पण आठ मार्चला नको. चाळीस मिनिटांत तुमच्या गोष्टी आणि तिचं बोलणं दोन्ही बसवलंत तर ती शोभेपुरती उरेल. तिला पुष्पगुच्छ देणार, 'चार शब्द' बोला म्हणणार आणि मग सगळे सेल्फीला. पुण्यात सुदानपासून टांझानियापर्यंत अनेक देशांतले विद्यार्थी आहेत. सुदानच्या मुलीला लायबेरियाबद्दल विचारणं म्हणजे केरळच्या माणसाला मंगोलियाबद्दल विचारणं. तिला काय बोलायचंय ते आधी फोनवर विचारा, येण्या-जाण्याचं भाडं आणि मानधन आधी सांगा, 'तुमचा तो नाच करून दाखवा' असं कोणी म्हणणार नाही आणि तिच्या केसांना कोणी हात लावणार नाही, याची जबाबदारी तुमची.

तारीख म्हणाल तर ९ ऑगस्ट बघा. आपल्याकडे क्रांतिदिन, कार्यक्रम तसाही होतोच, आणि नवी अकरावी तोवर आलेली असेल. दक्षिण आफ्रिकेत तो दिवस महिला दिन म्हणून पाळतात. १९५६ मध्ये त्या तारखेला वीस हजार बायका प्रिटोरियातल्या सरकारी कचेरीवर गेल्या, काळ्या बायकांनाही ओळखपत्राचा पास सक्तीचा होणार होता म्हणून. मिरवणुकीला बंदी होती, तर दोघी-दोघी, तिघी-तिघी करून चढण चढल्या. पुढे लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफी विल्यम्स. एक काळी, एक गोरी, एक भारतीय वंशाची, एक मिश्र वंशाची, आणि सोफी तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची. पंतप्रधान भेटले नाहीत. बायकांनी सह्यांचे गठ्ठे त्यांच्या दारात ठेवले आणि अर्धा तास, कडेवरच्या पोरांसकट, गप्प उभ्या राहिल्या. पास काही लगेच हटला नाही, तो जायला १९८६ उजाडलं. पुढच्या ऑगस्टसाठी तुमची पाहुणी दक्षिण आफ्रिकेची मिळाली तर उत्तमच, नाही मिळाली तरी तारीख तीच ठेवा, आणि प्राचार्यांकडून चाळीसऐवजी साठ मिनिटं आत्ताच मागून घ्या.